एका फुंकरीचा हिशेब

मुलांनो, आज आपण वणीला जाऊ या. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील हे गाव. जवळच सप्तशृंगीचा गड. नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेत इथल्या रस्त्यांवर भाविकांची रीघ लागते. एरवीही हे रस्ते रिकामे नसतात. एक रस्ता दिंडोरीवरून नाशिकला जातो, एक पिंपळगाव बसवंतला, तर एक सापुताऱ्याचा घाट चढून थेट गुजरातेत. आजूबाजूला द्राक्षांच्या बागा. हंगामात द्राक्षांनी भरलेल्या पिकअप गाड्या रात्रंदिवस धावत असतात.

अशाच एका पिकअपमध्ये तुम्ही मामांच्या शेजारी बसला आहात, अशी कल्पना करा. रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. जेवण जरा जडच झाले, म्हणून मामांनी निघता निघता दोन मोठे चमचे द्राक्षासव घेतले. पाच मिनिटे होतात न होतात तोच समोर बॅटरीचा झोत हलताना दिसतो. रस्त्यात लोखंडी अडथळे उभे आहेत. नाकाबंदी!

"गाडी बाजूला घ्या. लायसन्स दाखवा."

मामा काच खाली करतात, लायसन्स पुढे करतात. हवालदार किंचित वाकतात आणि थबकतात.

"काही घेतलंय का?"

"नाही साहेब. औषध घेतलंय फक्त."

"मग फुंका यात."

मामा फुंकतात. यंत्रावर आकडा उमटतो : ६२. कायद्याची मर्यादा आहे ३०!

मामांनी दारूला स्पर्शही केलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग यंत्र खोटे बोलले का? आणि आता मामांनी काय करायचे? या दोन प्रश्नांपैकी पहिला विज्ञानाचा, दुसरा कायद्याचा वाटतो. पण गंमत अशी, की दोघांचे उत्तर एकच आहे. ते शोधण्यासाठी आपल्याला द्राक्षाच्या मण्यापासून सुरुवात करावी लागेल.

द्राक्षातून मद्यार्क

पिकलेल्या द्राक्षात साखर असते. यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीला ही साखर फार आवडते. हवा पुरेशी मिळत नसेल, तर यीस्ट साखर फोडून त्यातून ऊर्जा मिळवते आणि दोन पदार्थ मागे ठेवते : कार्बन डायऑक्साइड वायू आणि इथाइल अल्कोहोल, म्हणजेच मद्यार्क. या क्रियेला किण्वन म्हणतात. नाशिक-दिंडोरीच्या परिसरात द्राक्षांपासून वाइन तयार होते, ती याच क्रियेने.

आणि द्राक्षासव? तेही याच क्रियेने! द्राक्षांचा काढा, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुले एकत्र करून भांडे बंद ठेवतात. आत किण्वन होते. म्हणून आसवे आणि अरिष्टे यांत थोडा मद्यार्क आपोआप तयार होतो. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचाल, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत छापलेले सापडेल.

रक्तातून श्वासात

मद्यार्क पोटात गेला, की तो जठराच्या आणि मुख्यतः लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतो. रक्त त्याला सगळीकडे फिरवते. मेंदूतही नेते आणि फुप्फुसांतही. फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती अतिशय पातळ असतात. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला हवा. मद्यार्क उडून जाणारा पदार्थ असल्यामुळे त्यातील थोडा भाग रक्त सोडून हवेत येतो.

किती भाग येतो? इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ साली एक नियम मांडला होता. तापमान स्थिर असेल, तर द्रवात विरघळलेला वायू आणि द्रवावरील हवेतला तोच वायू यांचे प्रमाण ठरलेले असते. श्वासाच्या बाबतीत हे प्रमाण सरासरीने २१०० ला १ असे धरतात. म्हणजे फुप्फुसांच्या तळातून आलेल्या २१०० मिलिलिटर हवेत जेवढा मद्यार्क असतो, तेवढाच १ मिलिलिटर रक्तात असतो.

आता गणित करू या. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिलिटर रक्तात ०.३ मिलिग्रॅम. तेवढाच मद्यार्क २.१ लिटर श्वासात. म्हणजे १ लिटर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम! मिठाच्या एका बारीक कणाएवढे वजन. एवढ्याशा मद्यार्काचा माग यंत्राला काढायचा असतो.

करून पाहा

दोन लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली पाण्याने काठोकाठ भरा. तोंडावर तळहात दाबून ती पाण्याच्या बादलीत उलटी धरा. एक रबरी नळी धुऊन तिचे टोक बाटलीच्या तोंडात सरकवा. आता खोल श्वास घ्या आणि नळीतून एका दमात फुंका. बाटलीतले पाणी खाली जाईल आणि तुमचा श्वास वर साठेल. बाटली पूर्ण रिकामी झाली, तर तो श्वास झाला २००० मिलिलिटर. २१०० पर्यंत जायला थोडेच कमी!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. फुंकरीच्या सुरुवातीला येते ती तोंडातली आणि श्वासनलिकेतली हवा. वायुकोशांतली हवा सर्वांत शेवटी येते. म्हणूनच यंत्रात काही सेकंद सलग फुंकायला सांगतात.

यंत्राच्या पोटात

श्वासावरून मद्यार्क मोजण्याचे 'ब्रेथलायझर' हे प्रसिद्ध यंत्र अमेरिकेतील इंडियाना राज्याचे पोलीस अधिकारी रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ साली बनवले. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचे आम्लयुक्त द्रावण असे. मद्यार्काशी गाठ पडली, की त्याचा नारिंगी-पिवळा रंग फिका होत जाई. रंग किती बदलला, ते प्रकाशाच्या साहाय्याने मोजत. (हे रसायन विषारी आहे. घरी हा प्रयोग करायचा नाही.)

आजच्या हातात मावणाऱ्या बहुतेक यंत्रांत इंधन-घट असतो. त्यात प्लॅटिनमचा लेप दिलेले इलेक्ट्रोड असतात. प्लॅटिनमवर मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल होते, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल. या क्रियेत इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वीज वाहू लागते. मद्यार्क जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. यंत्र हा प्रवाह मोजते, २१०० चा हिशेब करते आणि रक्तातला आकडा दाखवते.

थांबा! यंत्राने रक्त पाहिले का? नाही. त्याने फक्त हवा पाहिली. ती फुप्फुसांच्या तळातून आली असे गृहीत धरून त्याने रक्ताचा आकडा काढला. मामांच्या बाबतीत नेमके हे गृहीतच चुकले. द्राक्षासव पिऊन पाचच मिनिटे झाली होती. त्याची वाफ अजून तोंडात, हिरड्यांत आणि गालांच्या आतल्या बाजूला होती. यंत्राने प्रामाणिकपणे मोजले, पण मोजले ते तोंड!

मग मामांच्या रक्तात खरोखर किती मद्यार्क असेल? स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलेल्या रीतीने ढोबळ अंदाज काढू. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २० मिलिलिटर. त्यात १० टक्के मद्यार्क धरला, तर २ मिलिलिटर. त्याचे वजन सुमारे १.६ ग्रॅम. मामांचे वजन ६० किलो. पुरुषांच्या बाबतीत वजनाच्या सुमारे ६८ टक्के भागात मद्यार्क पसरतो असे धरतात. म्हणजे ४१ किलो. १६०० मिलिग्रॅम ४१ किलोत वाटले, तर १०० ग्रॅमला सुमारे ४ मिलिग्रॅम. कोठे ४ आणि कोठे ६२!

तोंडातील ही वाफ साधारण १५ मिनिटांत नाहीशी होते. म्हणून श्वासचाचणीच्या शास्त्रात नियमच आहे : काही खाल्ले-प्यायले असेल, तर १५ मिनिटे थांबा आणि पुन्हा फुंकायला सांगा.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशातील मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या १८५व्या कलमात दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा सांगितला आहे. सुरुवातीला या कलमात मद्यार्क 'कितीही थोडा' असला तरी गुन्हा, अशा अर्थाचे शब्द होते. त्या शब्दांत मामांचे ४ मिलिग्रॅमही सापडले असते! १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आणि श्वासचाचणीचे यंत्र या दोन्ही गोष्टी कलमात आल्या. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेतील चाचणीही त्यात आली आणि शिक्षा वाढली. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

शिक्षा मोठी आहे. म्हणून मोजमापही बिनचूक हवे. कायद्याने त्यासाठी एकामागून एक अशी दारे ठेवली आहेत.

पहिले दार संशयाचे. २०३वे कलम सांगते, की गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन खात्याचा अधिकार दिलेला अधिकारी चालकाला फुंकायला सांगू शकतो. मात्र त्याला संशय येण्यासारखे वाजवी कारण हवे. श्वासाला येणारा वास हे असे कारण झाले. तेव्हा मामांना फुंकायला सांगण्यात हवालदारांची काहीच चूक नव्हती. ही चाचणी गाडी चालवणाऱ्यासाठी आहे. शेजारी बसलेल्या तुम्हाला या कलमाखाली कोणी फुंकायला सांगणार नाही.

दुसरे दार श्वासाचे. कायद्याने 'एक किंवा अधिक' नमुने म्हटले आहे. यंत्रही केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे हवे. आणि या चाचणीनंतर अटक झालीच, तर पोलीस ठाण्यात पुन्हा एकदा फुंकण्याची संधी दिली पाहिजे, असे हेच कलम सांगते. पाहिलेत? पंधरा मिनिटांची गोष्ट विज्ञानाने सांगितली आणि दुसऱ्या फुंकरीला कायद्याने जागा ठेवली.

तिसरे दार रक्ताचे. २०४व्या कलमानुसार, अटक झालेल्या माणसाला पोलीस ठाण्यात रक्ताचा नमुना द्यायला सांगता येते. पण तो नोंदणीकृत डॉक्टरांनीच घ्यायचा. चालक स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असतील, तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही. अपघातानंतर चालक रुग्णालयात दाखल असेल, तर श्वासचाचणीपूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे लागते. रुग्णाला अपाय होईल असे त्यांनी म्हटले, तर चाचणी होत नाही.

नुसता वास पुरेसा नाही का? १९७१ साली महाराष्ट्रातील एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. तोंडाला वास होता, चाल अडखळत होती, बोलणे असंबद्ध होते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. पण रक्ताची तपासणी नव्हती. तेवढ्यावरून तो माणूस नशेत होता असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नाकाला वास कळतो, प्रमाण कळत नाही!

दोन तासांचे कोडे

कायद्यात आणखी एक मजेदार आकडा आहे. २०२व्या कलमाप्रमाणे, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे. नाही झाली, तर त्या माणसाला कोठडीतून सोडून द्यावे लागते. दोनच तास का बरे महत्त्वाचे?

आपले यकृत मद्यार्काचे विघटन जवळजवळ एकाच वेगाने करते. रक्तातील प्रमाण तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमने उतरते. कोणाचे १०, कोणाचे २०. दोन तासांत किती उतरले? ३० मिलिग्रॅम. म्हणजे कायद्याची सगळी मर्यादाच! पकडताना ५५ असलेला माणूस दोन तासांनी २५ वर आलेला असेल. पुरावा घड्याळाच्या काट्याबरोबर विरघळत जातो. तपासणीला उशीर झाला, तर दोषी सुटेल आणि निर्दोष माणसाला आपले म्हणणे सिद्ध करता येणार नाही. तेव्हा हे दोन तास दोघांच्याही कामाचे आहेत.

हा वेग कॉफी पिऊन, लिंबू चोखून किंवा थंड पाण्याने आंघोळ करून वाढत नाही. यकृताला घाई करता येत नाही.

पाण्याने पुसलेली कातडी

इंजेक्शन देताना डॉक्टर कातडीवर काय चोळतात? स्पिरिट. आणि स्पिरिट म्हणजे तर मद्यार्कच! रक्तातील मद्यार्क मोजायचा असताना तेच चोळले तर? यासाठी महाराष्ट्रात जुना, फार विचारपूर्वक केलेला नियम आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याखाली रक्तचाचणीचे नियम १९५९ मध्ये झाले. त्यांत सांगितले आहे, की कातडी निर्जंतुक पाण्याने पुसावी, रक्त घेताना कोठेही मद्यार्काचा स्पर्श होऊ देऊ नये, निदान ५ घनसेंटिमीटर रक्त घ्यावे, कुपीत रक्त गोठू न देणारा आणि टिकवणारा पदार्थ असावा, आणि तिला चिठ्ठी लावून लाखेने मोहोर करावी. टिकवणारा पदार्थ कशाला? सूक्ष्मजीव कुपीतच किण्वन करून नवा मद्यार्क तयार करू शकतात म्हणून. द्राक्षाच्या भांड्यातली गोष्ट रक्ताच्या कुपीत घडायला नको!

असे नमुने सरकारी किंवा सरकारने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासतात. नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तेथे 'गॅस क्रोमॅटोग्राफी'सारख्या पद्धतीने मिश्रणातील वायू एकमेकांपासून वेगळे करून मोजता येतात.

फुंकायला नकार दिला तर?

"माझ्याच श्वासाने माझ्याविरुद्ध साक्ष का द्यावी?" असे कोणी विचारील. आपल्या राज्यघटनेच्या २०व्या अनुच्छेदात आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे म्हटलेच आहे. पण १९६१ साली मुंबई राज्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी फरक स्पष्ट केला. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, कारण त्यात माणूस मनातली माहिती सांगत नाही. श्वासाचेही तसेच आहे. तोंडातले शब्द ही साक्ष, तोंडातली हवा हा नमुना!

म्हणून नकार देणे हा शहाणपणा नाही. संशयाला कारण असताना नकार दिला, तर त्यामुळेही अटक होऊ शकते. आणि २०५व्या कलमानुसार, नकाराला वाजवी कारण दाखवता आले नाही, तर न्यायालय तो नकार चालकाच्या विरुद्ध धरू शकते.

अटक झालीच, तरी हक्क संपत नाहीत. अटकेचे कारण सांगितले पाहिजे. वकिलाचा सल्ला घेता येतो. नातेवाइकांना कळवले पाहिजे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. शिवाय हा गुन्हा जामीन मिळण्याजोगा आहे.

पुन्हा वणीच्या रस्त्यावर

आता मामांकडे परत येऊ. त्यांनी काय करावे? हुज्जत घालू नये आणि पळूनही जाऊ नये. शांतपणे सांगावे, "साहेब, आताच द्राक्षासव घेतलंय, ही बाटली पाहा. पंधरा मिनिटं थांबतो, चूळ भरतो, पुन्हा फुंकतो. तेव्हाचा आकडा आणि वेळ लिहून घ्या." नवी नळी लावायला सांगावे आणि पडद्यावरचा आकडा स्वतःही पाहावा. १५ मिनिटांनी ६२ च्या जागी ३-४ चा आकडा येईल आणि गाडी पुढे निघेल.

आणि मामांनी खरोखरच दारू प्यायली असती तर? मग १५ मिनिटांनीही आकडा साधारण तेवढाच राहिला असता. एकच परीक्षा निर्दोष माणसाला सोडवते आणि दोषी माणसाला पकडते. चालकाचे हक्क म्हणजे सुटण्याच्या पळवाटा आहेत असे पुष्कळांना वाटते. पण प्रत्येक हक्क पुन्हा एकदा पाहा. दुसरी फुंकर, दोन तास, पाण्याने पुसलेली कातडी, मोहोर केलेली कुपी. प्रयोगशाळेत चांगला शास्त्रज्ञ जी काळजी घेतो, तीच इथे कायद्याने घेतली आहे.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. एका चालकाच्या रक्तात रात्री १२ वाजता १२० मिलिग्रॅम मद्यार्क आहे. तो झोपला. तासाला १५ च्या वेगाने तो ३० वर केव्हा येईल? सकाळी ६ वाजता! आणि शून्यावर? ८ वाजता. पण बागेतून द्राक्षांची पिकअप तर पहाटे ५ लाच निघते. "रात्री प्यायलो होतो, आता उतरली," असे तो म्हणेल, पण रक्तात ४५ असतील. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ८ मीटर जास्त. घाटातल्या वळणावर ८ मीटर म्हणजे किती, ते गडावर जाताना एकदा पाहून या.